दुर्बिणीची सहा मिनिटे

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एका लहानशा गाठीतून वर्षानुवर्षे सावकाश वाढत असतो. दुर्बिणीतून ती दिसली, तर बहुधा त्याच वेळी काढून टाकता येते. मात्र ती दिसणे तपासणाऱ्याच्या सावधपणावरही अवलंबून असते. अमेरिकेतील रॉकफर्ड येथील डॉ. रॉबर्ट बार्कले व सहकाऱ्यांनी १२ तज्ज्ञांच्या कामाची पाहणी २००६ साली प्रसिद्ध केली. दुर्बीण बाहेर घेताना आतड्याचे खरे निरीक्षण होते. त्यास सरासरी सहा मिनिटे वा अधिक वेळ देणाऱ्यांना २८.३ टक्के व्यक्तींत गाठी आढळल्या. घाई करणाऱ्यांना अवघ्या ११.८ टक्क्यांत. हे सर्व अनुभवी तज्ज्ञ होते, हे विशेष! पोलंडमधील २०१० च्या अभ्यासात, ज्या तपासनीसांचे गाठी शोधण्याचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी होते, त्यांनी तपासलेल्यांत पुढील तपासणीपूर्वीच कर्करोग उद्भवण्याचा धोका अधिक दिसला.