घटलेले तास आणि बेनिफिट्स

अमेरिकेतल्या साखळी फार्मसीत फार्मासिस्टचे तास एका फटक्यात तुटत नाहीत. आधी दोन फार्मासिस्ट एकत्र असण्याची दुपारची वेळ जाते, मग रविवारची शिफ्ट आखूड होते, आणि बघता बघता ३४ तासांच्या जागी शेड्यूलवर २६ तास दिसू लागतात. पत्र कुणी देत नाही. पगारातली घट पुढच्याच चेकमध्ये कळते. बेनिफिट्सना बसलेली कात्री कळायला कित्येक महिने जातात, आणि या पेशातल्या अनेकांना खरा फटका तिथेच बसला आहे.

तिथे आरोग्यविमा बहुधा नोकरीला बांधलेला असतो. २०१० च्या ॲफोर्डेबल केअर ॲक्टनुसार आठवड्याला सरासरी ३० किंवा महिन्याला १३० तास काम करणारा पूर्णवेळ ठरतो. ५० किंवा अधिक पूर्णवेळ माणसांइतके मनुष्यबळ असलेल्या मालकाने अशांना विमा देऊ केला नाही, तर त्याला दंडाला तोंड द्यावे लागू शकते. मोठ्या कंपन्या ही सरासरी बहुधा मागे वळून मोजतात: ऑक्टोबर ते ऑक्टोबर असे वर्ष मोजायचे आणि त्यावरून पुढच्या जानेवारी ते डिसेंबरची पात्रता ठरवायची. त्यामुळे मार्चमध्ये तास घटले तरी त्या वर्षाचा विमा सहसा टिकतो. याच दिलाशाने माणूस गाफील राहतो.

हिशेब मांडून पाहावा. मोजणीच्या वर्षात २० आठवडे ३४ तास आणि ३२ आठवडे २६ तास झाले, तर एकूण १,५१२ तास होतात आणि सरासरी २९ च्या किंचित वर जाते. आठवड्याला ३० तासांच्या हिशेबाने वर्षाला लागणाऱ्या १,५६० ला कमी पडले फक्त ४८ तास, म्हणजे बारा तासांच्या चार शिफ्ट. शेजारच्या स्टोअरमध्ये फ्लोटर, म्हणजे बदली फार्मासिस्ट म्हणून त्या सहज मिळाल्या असत्या, पण मोजणी संपण्याआधी. भरपगारी रजेचे तासही या बेरजेत धरले जातात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून एचआरला मोजणीची पद्धत आणि तिच्या तारखा लेखी विचाराव्यात आणि दर पगारपत्रकावरचे तास स्वतः लिहून ठेवावेत. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. डिस्ट्रिक्ट मॅनेजर बदलला की ते त्याच्याबरोबर जाते.

पद अधिकृतपणे अर्धवेळ करण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी मात्र थांबावे. तसे झाल्यास, काही अटींवर, मालकाला चौथ्या महिन्यापासून दरमहा मोजणी सुरू करता येते, आणि डिसेंबरपर्यंतचे संरक्षण मध्येच संपू शकते.

बाकीच्या बेनिफिट्सचे उंबरठे वेगळे आहेत. आजारपण किंवा बाळंतपणासाठी नोकरी राखून ठेवणाऱ्या १२ आठवड्यांच्या एफएमएलए रजेसाठी मागच्या १२ महिन्यांत १,२५० तास लागतात, आणि इथे रजेचे तास धरत नाहीत, प्रत्यक्ष कामाचेच धरतात. आयुर्विमा आणि अपंगत्व विमा यांच्या अटी कंपनीच्या योजनेत असतात. त्या तिथेच वाचाव्यात.

तास घटल्याने विमा गेलाच, तर कोब्रा कायद्याने तोच विमा १८ महिने चालू ठेवता येतो, पण मालकाचा वाटाही स्वतः भरून, एकूण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत. निर्णयाला ६० दिवस मिळतात आणि संरक्षण विमा गेल्या तारखेपासून धरले जाते. सरकारी मार्केटप्लेसवर नवी योजना घेण्याची खास मुदतही ६० दिवसांचीच असते. ती उलटल्यावर केवळ हप्ता परवडत नाही म्हणून कोब्रा सोडला, तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावे लागते. दोन्हींचे दर आधीच शेजारी मांडावेत.

भारतातून जाऊन एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक आहे. काम कमी आहे एवढ्या कारणाने अर्जात नोंदवलेल्या पूर्णवेळ पगारापेक्षा कमी पगार त्यांना देता येत नाही. अर्धवेळ करायचे तर मालकाला सुधारित अर्ज दाखल करावा लागतो. त्यामुळे शेड्यूल घटताच त्यांनी एचआरआधी इमिग्रेशन वकिलाला गाठावे.