नीट फुंकलं तरच रिपोर्ट खरा

कोरेगाव भीमात खोकल्याला कुणी आजार म्हणत नाही. नगर रस्त्यावरचे ट्रक, सणसवाडीच्या कंपन्या, वर्षानुवर्षं चुलीचा धूर, खोकला असायचाच. मला धाप लागायला लागली तेव्हा एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. मग खोकल्याच्या बाटल्या झाल्या, पुढे 'दमा असेल' म्हणून पंप आला. एका शिबिरात फुंकायची टेस्टही झाली: नॉर्मल! सकाळी पंप घेतलाय का, हे कुणी विचारलंच नाही. दोनदा अर्धवट फुंकून घेतलं आणि 'पुढचे या'.

पुण्यात टेस्ट पुन्हा केली तेव्हा सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार, निघाला. मी बिडीला कधी हात लावलेला नाही, पण निम्मं आयुष्य चुलीपुढे गेलं. शेजारच्या वढू बुद्रुकमधल्या, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने गावोगावच्या लोकांना असंच फुंकायला लावून अभ्यास केलेत. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा आजार होतो.

तेव्हा एक्स-रेवर थांबू नका, स्पायरोमेट्री, म्हणजे हीच फुंकायची टेस्ट, मागा. छाती भरून श्वास घ्यायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे, एका झटक्यात जोर लावायचा आणि हवा संपली वाटली तरी सहाएक सेकंद सोडत राहायचं. निदान तीन फुंका चांगल्या जमायला हव्यात. एकूण हवेतली किती पहिल्या सेकंदात बाहेर पडते, हे त्यात बघतात. मग पंपाचं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. तरीही प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिलं तर सीओपीडीचा संशय पक्का होतो. आकडा चांगलाच वाढला तर दम्याकडे बोट जातं. दमा मात्र लबाड; बरं वाटतं त्या दिवशी टेस्ट नॉर्मल येऊ शकते. अशांना डॉक्टर घरी सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटर (फुंकेचा वेग मोजणारं छोटं यंत्र) फुंकून आकडे लिहायला सांगतात. दम्याच्या तपासणीसाठी श्वासातला नायट्रिक ऑक्साइडही मोजायचा असेल तर आधी पालक, बीट खाऊ नका, आकडा फुगतो.

कुठला पंप किती तास आधी बंद ठेवायचा, हे तारीख घेतानाच विचारा. दम लागलाच तर मात्र पंप घ्या आणि तसं सांगा. नुकताच हार्ट अटॅक किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर फुंकण्याआधी सांगा. पोट भरून जेवून जाऊ नका. आणि नुसतं 'नॉर्मल' लिहिलेली चिठ्ठी घेऊ नका, आलेखासकट कागद मागा. पुढच्या वर्षीचे आकडे त्याच्याशीच ताडायचे असतात.