सर्वांत वर कोणतं उत्तर?

गेल्या वर्षी माझ्या आतेबहिणीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "दादा, हे वाच. माझा हक्कच नाही म्हणे." तिचं लग्न १९९० सालचं, वडील २००३ साली गेले. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला होता आणि भावांनी हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवून दिला होता. सही करण्याआधी तिने प्रश्नोत्तरांच्या एका संकेतस्थळावर पाहिलं. पहिल्याच उत्तरात ठाम लिहिलं होतं: वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात नसतील, तर मुलीला मुलाइतका हिस्सा मिळत नाही. त्याखाली पसंतीचा आकडा भरघोस.

ते उत्तर २०१६ सालचं होतं आणि त्या साली ते बरोबरही होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात तसंच म्हटलं होतं. पण ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ मोडीत काढला. मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, हयात असण्याची अट नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना धक्का लागत नाही. हे सांगणारं उत्तर त्याच पानावर होतं. दोन पसंती घेऊन अगदी तळाशी पडलं होतं. ती तिथपर्यंत गेलीच नाही, आणि तिला दोष देता येत नाही. पहिलं उत्तर वाचून माणूस थांबतो.

प्रश्नोत्तरांची संकेतस्थळं उभी करण्याचं काम मी करतो. त्यामुळे त्या पानावरची चूक मला उत्तर लिहिणाऱ्यापेक्षा क्रम लावणाऱ्याची वाटली. तो क्रम कसा लावावा, याची कृती इथे देतो. उदाहरण हाच प्रश्न. आकडे मात्र हिशोबाला सोपे जावेत म्हणून मी माझे घेतले आहेत. २०१६ च्या जुन्या उत्तराला ४५ पसंती आणि ५ नापसंती. निकालानंतरच्या नव्या उत्तराला २ पसंती, नापसंती शून्य. आणि तिसरं एक उत्तर: "लग्नात खर्च केला, दागिने घातले, म्हणजे वाटा संपला." कायद्याला याचा पत्ताही नाही, पण समाजात हे बोललं जातं, म्हणून त्याला ६० पसंती आणि ४० नापसंती.

पहिली पायरी: प्रश्नाची जात ओळखा

क्रमाचं सूत्र शोधण्याआधी प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा. "मुलीला वाटा मिळतो का?" याला एक बरोबर उत्तर आहे आणि ते तारखेनुसार बदलू शकतं. "त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज किती?" याचंही उत्तर एकच, पण ते शाळेच्या भूमितीत कधी बदलणार नाही. "कोकणात पावसाळ्यात कुठे जावं?" याला वीस चांगली उत्तरं असू शकतात. या तिघांना एकच सूत्र लावलं की घोटाळा होतो. प्रश्न टाकतानाच विचारणाऱ्याला विषय निवडायला लावा आणि प्रत्येक विषयाला त्याचा प्रकार जोडून ठेवा. कायदा, औषधोपचार, सरकारी योजना, संगणक प्रणाली हे सगळं बदलत्या उत्तरांच्या खात्यात.

दुसरी पायरी: नोंदी जपा

फक्त पसंतीची बेरीज साठवू नका. प्रत्येक मत कधी पडलं, उत्तर किती जणांच्या डोळ्यांसमोर आलं, त्या वेळी ते कितव्या जागी होतं, शेवटचा बदल कधी झाला, हे सगळं ठेवा. पुढच्या पायऱ्या या नोंदींवरच उभ्या आहेत. नंतर त्या मागे जाऊन गोळा करता येत नाहीत.

तिसरी पायरी: वजाबाकी नको, टक्केवारीही नको

बहुतेक जण पसंतीतून नापसंती वजा करतात. आपल्या उदाहरणात जुन्या उत्तराला ४०, हुंड्याच्या मानसिकतेतून आलेल्या उत्तराला २०, बरोबर उत्तराला २. ज्या उत्तराशी शंभरातले चाळीस जण असहमत आहेत ते निव्वळ गर्दीच्या जोरावर दुसरं येतं. टक्केवारी लावली तर उलटं होतं: दोन पसंतीवालं १०० टक्क्यांनी पहिलं. इथे ते योगायोगाने बरोबर आहे, पण दोन मित्रांना फोन करून कुणीही आपलं उत्तर असं वर चढवू शकतो.

या अडचणीवरचा उपाय फार जुना आहे. एडविन विल्सन या अमेरिकन गणितज्ञाने १९२७ साली एक पद्धत मांडली. ती विचारते, की आतापर्यंत पडलेली मतं पाहता या उत्तराचं खरं पसंतीचं प्रमाण कमीत कमी किती असेल, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येईल? मतं थोडी असतील तर ती खालची मर्यादा खूप खाली जाते, मतं वाढली की वर सरकते. इव्हान मिलर यांनी २००९ मध्ये संकेतस्थळांसाठी ही पद्धत सुचवली आणि त्याच वर्षी रेडिटने प्रतिक्रियांच्या क्रमासाठी ती घेतली. ती ओळख करून देणारा लेख एक्सकेसीडी चित्रमालिकेच्या रँडल मन्रो यांनी लिहिला होता.

आपल्या तीन उत्तरांना ती लावली तर जुन्याला ०.७९, लग्नखर्चवाल्याला ०.५०, बरोबर उत्तराला ०.३४. म्हणजे विल्सनच्या सूत्रानेही बरोबर उत्तर शेवटीच. सूत्राचा यात दोष नाही. त्याला विचारलं ते त्याने सांगितलं: दोन मतांवरून फारसं काही म्हणता येत नाही.

मतं लाखांनी पडत असतील तर विल्सनचीच पद्धत घ्या. मराठीतल्या संकेतस्थळांवर एका उत्तराला दहा मतं पडली तरी पुष्कळ. तिथे मी सोपा मार्ग धरतो. प्रत्येक उत्तराला सुरुवातीलाच दोन पसंती आणि दोन नापसंती उसन्या द्यायच्या, मग प्रमाण काढायचं. बरोबर उत्तर: सहापैकी चार, ०.६७. लग्नखर्चवालं: १०४ पैकी ६२, ०.६०. जुनं: ५४ पैकी ४७, ०.८७. वादग्रस्त उत्तर तळाला गेलं, नवं दुसरं आलं, आणि दोन मित्रांच्या मतांवर कुणी पहिलं येत नाही. हा हिशोब कागदावर होतो, आणि एखाद्याने "माझं उत्तर खाली का?" असं विचारलं तर दोन ओळींत समजावता येतो. लहान संकेतस्थळाला याचा फार उपयोग होतो.

चौथी पायरी: नव्या उत्तराला दिसू द्या

इथे सर्वांत जास्त लक्ष द्यावं असं माझं मत आहे, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते.

जे वर असतं ते वाचलं जातं, जे वाचलं जातं त्याला मत पडतं, मत पडलं की ते आणखी वर जातं. २००६ साली सायन्स नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. चौदा हजारांहून अधिक लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली होती. काही गटांना आधीच्या श्रोत्यांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं ते दिसत होतं. असे आठ वेगवेगळे गट होते आणि तीच गाणी प्रत्येक गटात निराळ्या क्रमाने लोकप्रिय झाली. त्याच नियतकालिकातल्या २०१३ च्या अभ्यासात वाचकांच्या प्रतिक्रियांना मुद्दाम एक पहिली पसंती देऊन पाहिली. पुढचा वाचक पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटचा गुणांक सरासरी २५ टक्क्यांनी फुगला. एका मताने हे घडलं.

२००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रोग्रामर मंडळींना हा अनुभव फार लवकर आला. प्रश्न पडताच पाच मिनिटांत चार ओळी टाकणारा मतं घेऊन जायचा, आणि तासभर बसून नीट लिहिणारा खाली राहायचा. त्यांनी एक साधी गोष्ट केली: समान गुण असलेली उत्तरं प्रत्येक वेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखी उलटसुलट क्रमाने दाखवायची. तुम्हीही एवढं तरी कराच.

याच्या पुढे जाऊन दुसरी जागा राखीव ठेवा. ज्या उत्तराला अजून शंभर वाचकांनी पाहिलेलं नाही, ते आळीपाळीने त्या जागेवर आणा. शंभर वाचकांनंतर ते आपल्या गुणांवर उभं राहील किंवा खाली जाईल. आणि मत मोजताना जागा लक्षात घ्या. पहिल्या जागेवर हजार जणांनी पाहून वीस पसंती मिळणं आणि सातव्या जागेवर चाळीस जणांनी पाहून आठ मिळणं यांत दुसरं उत्तर बलवान आहे.

पाचवी पायरी: मतांचं वय मोजा

बदलत्या उत्तरांच्या विषयांत मत शिळं होतं. दर दोन वर्षांनी त्याचं वजन निम्मं धरा. २०१६ साली पडलेलं मत २०२४ मध्ये एक सोळांश उरतं. जुन्या उत्तराच्या ४५ पसंती सुमारे २.८ होतात आणि ५ नापसंती ०.३. उसनी मतं मिळवून गुण येतात ०.६८. ताज्या दोन पसंतींच्या बरोबर उत्तराचे ०.६७. आठ वर्षांची आघाडी एका शतांशावर आली. आता राखीव जागेवर त्याला आणखी तीन वाचकांची पसंती मिळाली, की नऊपैकी सात, म्हणजे ०.७८, आणि ते पहिलं.

त्रिकोणाच्या कोनांवर मात्र हे चालवू नका. चांगलं जुनं उत्तर कारण नसताना खाली ढकलणं हाही अन्यायच. पहिल्या पायरीची जात इथे कामी येते. स्टॅक ओव्हरफ्लोने २०२२ मध्ये अलीकडच्या मतांना जास्त वजन देणारा क्रम आणला, कारण संगणकाच्या भाषांतही जुनी उत्तरं वर अडकून बसली होती.

सहावी पायरी: विचारणाऱ्याची पावती वेगळी ठेवा

प्रश्न विचारणारा एखाद्या उत्तरावर "मला उपयोगी पडलं" अशी खूण करतो. ती खूण दिसू द्या, पण तिच्या जोरावर उत्तर कायमचं वर बसवू नका. त्याला विषय माहीत नव्हता म्हणून तर त्याने विचारलं. स्टॅक ओव्हरफ्लो अशा उत्तराला वर्षानुवर्षं पहिली जागा देत होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी ती सोय काढून घेतली. मला तो निर्णय पूर्ण पटतो.

सातवी पायरी: पहारा

स्वतःच्या उत्तराला मत देता येऊ नये. काल उघडलेल्या खात्याचं मत आज मोजू नये. एकाच टोळक्याची मतं एकमेकांना सतत जात असतील तर ती बाजूला काढावीत. नापसंती देणाऱ्यालाही थोडी झळ बसली तर ती जपून दिली जाते. स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तराला नापसंती दिली की लिहिणाऱ्याचे दोन गुण जातात आणि देणाऱ्याचा एक.

आठवी पायरी: माणूस नेमा

एवढं करूनही ११ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी कोणत्याही सूत्राला कळलं नसतं की सकाळपर्यंत बरोबर असलेलं उत्तर चुकीचं झालंय. ते वकिलाला कळतं, निवृत्त तलाठ्याला कळतं, वर्तमानपत्र नीट वाचणाऱ्या वाचकाला कळतं. म्हणून प्रत्येक बदलत्या विषयाला एक जाणकार जोडा. "कालबाह्य" अशी पाटी लावण्याचा अधिकार त्याला द्या. पाटीवर कारण आणि तारीख हवी: "विनीता शर्मा निकालानंतर हे लागू नाही." पाटी लागली की गुण कितीही असोत, उत्तर ताज्या उत्तरांच्या खाली. पण ते पुसू नका. जुन्या खटल्यांत २०१६ साली लोक काय समजत होते हे कुणाला तरी लागतं, आणि लिहिणाऱ्याने तेव्हा प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्याला निरोप धाडा. बहुतेक लोक आपलं उत्तर आनंदाने सुधारतात.

उत्तराची तारीखही नावाशेजारी ठळक छापा. आतेबहिणीच्या मोबाइलवर ती करड्या रंगात इतकी बारीक होती की मलाही चष्मा लावून शोधावी लागली.

नववी पायरी: परीक्षा

दर तीन महिन्यांनी पन्नास जुने प्रश्न काढा. मतांचे आकडे झाकून उत्तरं त्या विषयाच्या दोन जाणकारांना वाचायला द्या आणि त्यांना पहिलं उत्तर निवडायला सांगा. तुमच्या क्रमातलं पहिलं उत्तर किती वेळा जुळलं ते मोजा. जिथे जुळलं नाही तिथे कोणती पायरी घसरली ते एकेक करून पाहा. बहुतेक वेळा चौथी किंवा पाचवी सापडेल.

आतेबहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली नाही. ती आधी वकिलाकडे गेली. त्या पानावर मी जुन्या उत्तराला नापसंती दिली, खाली निकालाची तारीख लिहिली आणि तळाच्या उत्तराला पसंती दिली. तुम्ही संकेतस्थळ चालवत नसाल, नुसते वाचक असाल, तरी एवढं तुमच्या हातात आहे. जुनं झालेलं उत्तर वर दिसलं तर तसंच पुढे जाऊ नका. तिथे तारखेसह एक ओळ लिहा.