बांधावरचा टॉवर आणि मोटरीजवळचा टॉवर

मी नोकरीला धुळ्यात, शेती चोपडा तालुक्यात, अडावदच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला. दोन-अडीच तासांची वाट. रोज जाणं होत नाही म्हणून बोअरच्या मोटरीला मोबाइल स्टार्टर बसवला. पेटीत सिम टाकायचं, धुळ्यातून फोन लावायचा, की मोटर चालू आणि ठिबक सुरू. शेतीची थ्री-फेज कधी दिवसा येते, कधी रात्री. अशात हे यंत्र फार मोठा आधार आहे, आणि झाल्या नुकसानीनंतरही मी ते वापरतो. चूक यंत्राची नव्हती. सिम कोणत्या कंपनीचं घ्यायचं, हे मी शेतात नाही, दुकानात ठरवलं.

दुकानदाराने गाव विचारलं आणि म्हणाला, "तिथे फुल टॉवर आहे, भाऊ." मीही शेताच्या रस्त्यावर, बांधाला उभं राहून फोन पाहिला होता. चार कांड्या होत्या. तेवढ्या भरवशावर वर्षभराचा रिचार्ज मारला. पण मोटर काही बांधावर नाही. ती खाली नाल्याच्या अंगाला, पत्र्याच्या खोलीत आहे आणि सिम त्या खोलीतल्या लोखंडी पेटीत. आमच्या सालदाराने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "खोलीमा टावर नही शे, भाऊ." फोन अधूनमधून लागत होता, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

मे महिन्यात तो घरच्या लग्नाला चार दिवस गेला. केळीची कांदेबाग तेव्हा निसवायला लागली होती आणि ऊन पंचेचाळीसला टेकलेलं. पहिल्या रात्री मी अकरापासून दोनपर्यंत फोन लावत बसलो. दरवेळी तेच उत्तर, नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. दुसऱ्या दिवशी एकदा लागला, मोटर चालू झाल्यासारखं वाटलं आणि मी निर्धास्त झालो. चौथ्या दिवशी शेतात पोहोचलो तेव्हा नळ्या कोरड्या होत्या, पानांच्या कडा करपलेल्या, आणि नुकतं बाहेर पडलेलं कमळ मान टाकून लोंबत होतं. पुढे कापणीला घड भरले नाहीत आणि व्यापाऱ्याने भाव पाडला. बागेला तहान लागते त्या दिवसांत चार दिवस म्हणजे किती, हे केळी लावणाऱ्याला सांगायला नको.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. शेजारच्या दोन शेतकऱ्यांचे फोन मागून घेतले, प्रत्येकात वेगळ्या कंपनीचं सिम. तिन्ही फोन घेऊन बांधापासून मोटरीच्या खोलीपर्यंत चालत गेलो. कांड्यांवर जाऊ नका, त्या प्रत्येक फोन आपल्या हिशेबाने काढतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' उघडलं की बहुतेक फोनवर सिग्नलचा आकडा दिसतो, डीबीएममध्ये आणि उणे. उणे ८५ म्हणजे चांगला. उणे ११०च्या पलीकडे गेला की फोन लागला तर लागला. माझ्या सिमचा आकडा बांधावर उणे ८६ होता, खोलीत उणे ११५. शेजाऱ्याच्या एका सिमचा तिथेच उणे ९८.

दुसऱ्याचा फोन मिळाला नाही तरी एक गोष्ट करता येते. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडण्याचं बटण बंद करा. फोन मिनिट-दोन मिनिटं शोधतो आणि त्या जागी कोणकोणत्या कंपन्या पोहोचतात त्यांची यादी दाखवतो. काम झालं की बटण पुन्हा चालू करायला विसरू नका.

नकाशेही पाहा. ट्रायच्या २०२४च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या वेबसाइटवर टू-जीपासून फाइव्ह-जीपर्यंत कुठे काय मिळतं याचे नकाशे द्यावे लागतात. माझ्या शेतावर त्या नकाशात रंग होता, आणि तो खोटाही नव्हता. तो उघड्यावरचा अंदाज असतो. पत्रा, नाल्याचा खळगा, मधे आलेली डोंगराची सोंड हे नकाशा धरत नाही. पाल, लंगडा आंबा या बाजूला किंवा साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात राहणाऱ्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.

स्टार्टर घेणाऱ्याने आणखी एक विचारावं, आत टू-जी आहे की फोर-जी. जुनी बरीच यंत्रं फक्त टू-जीवर चालतात. जिओची सेवा सप्टेंबर २०१६ला सुरू झाली ती फोर-जीवरच, त्यामुळे तशा यंत्रात ते सिम लागणार नाही.

पहिला रिचार्ज २८ दिवसांचाच मारा. कंपनी बदलायची झाली तर PORT लिहून, एक जागा सोडून आपला नंबर १९०० वर एसएमएस करायचा. आलेला कोड चार दिवस चालतो, पण त्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असावे लागतात आणि उरलेल्या रिचार्जचे पैसे बुडतात. माझे आठ महिन्यांचे गेले. बाजारात कोणी सिग्नलचा बूस्टर विकत असेल तर घेऊ नका, परवान्याशिवाय तो लावणं बेकायदा आहे आणि त्याने आसपासच्यांचेही फोन बिघडतात.

मला उपाय साधा सापडला. स्टार्टरची चुंबकाची अँटेना पेटीतच चिकटवलेली होती. तिला तीन मीटरची वायर होती. ती खिडकीतून बाहेर काढली, बांबूच्या टोकाला डब्याचं झाकण ठोकलं आणि त्यावर अँटेना बसवली. सिम शेजाऱ्याच्या कंपनीचं घेतलं. नंतर सात दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री अकराला फोन लावून पाहिला, गावची लाइट गेलेली असतानाही, कारण आमच्याकडे लाइट बराच वेळ गेली की टॉवरही बसतो. एकवीस वेळांपैकी दोनदा लागला नाही, दोन्ही वेळा लाइट नसताना.

आता मोटर चालू झाल्याचा मेसेज आला तरी मी सालदाराला फोन करून नळीला पाणी आलं का ते विचारतो. तो गावाला जातो तेव्हा खोलीची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून जातो.