एका दिवसाची सफारी : चोबे नदी, हत्ती आणि माणसे
— द्वितीय वर्ष कला (भूगोल)

'सफारी' हा शब्द आपल्याकडे आता इतका रुळला आहे की सफारी सूट, सफारी बॅग, सफारी मोटार हे शब्द वापरताना तो कोठून आला याचा विचार आपण करीत नाही. वास्तविक हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला. तेथे त्याचा साधा अर्थ 'प्रवास' असा आहे. स्वाहिलीने तो अरबीतून घेतला. त्याच अरबी मुळापासून फारसीच्या वाटेने मराठीत 'सफर' आला. म्हणजे आपली सफर आणि आफ्रिकेची सफारी ही एकाच घरची भावंडे होत. पुढे गोऱ्या शिकाऱ्यांनी हा शब्द उचलला आणि सफारी म्हणजे बंदूक घेऊन केलेली शिकार असा अर्थ त्याला चिकटला. आज बहुतेक प्रवाशांच्या हाती बंदुकीऐवजी कॅमेरा असतो.

अशी सफारी आता एका दिवसातही करता येते. सकाळी होडीतून, दुपारी जीपमधून, आणि संध्याकाळी मुक्कामाला परत. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रसिद्ध सफारीचा, म्हणजे बोटस्वाना देशातील चोबे राष्ट्रीय उद्यानाच्या सफारीचा, परिचय करून देण्याचा विचार आहे. मी स्वतः तेथे गेलेले नाही. ग्रंथालयातील पुस्तके, नकाशे आणि चित्रफिती यांच्या आधारे हा अभ्यास केला आहे. केवळ प्राण्यांची मोजदाद करून थांबू नये, तर त्या प्राण्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचाही विचार करावा, हा त्यामागील हेतू आहे.

स्थान आणि नदी

बोटस्वाना हा आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील, चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला देश. ३० सप्टेंबर १९६६ रोजी तो ब्रिटिशांच्या अमलातून स्वतंत्र झाला. लोकसंख्या सुमारे २४ लाख, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. देशाचा बराच भाग कालाहारीच्या वाळूने व्यापलेला आहे. पावसाचे मोल तेथे एवढे की चलनी नाण्याचे नावच 'पुला', म्हणजे पाऊस, असे आहे.

या कोरड्या देशाच्या ईशान्य टोकाला कसाने हे गाव आहे. येथे बोटस्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे हे चार देश जवळजवळ एका ठिकाणी येऊन मिळतात. जगप्रसिद्ध व्हिक्टोरिया धबधबा येथून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. त्यामुळे धबधबा पाहावयास आलेले पुष्कळ प्रवासी एक दिवस काढून चोबेला येतात. पूर्वी कझुंगुला येथे झांबेझी नदी तराफ्यावरून ओलांडावी लागे. २०२१ साली तेथे पूल झाला.

चोबे नदीचा उगम अंगोलाच्या डोंगराळ भागात आहे. तेथे तिला क्वांडो म्हणतात, पुढे ती लिन्यांती होते, आणि शेवटी चोबे या नावाने झांबेझीला मिळते. अंगोलात पडलेला पाऊस इकडे पोचण्यास काही महिने लागतात. झांबेझीला मोठा पूर आला की तिचे पाणी चोबेत मागे रेटले जाते आणि काही काळ चोबे उलटी वाहते. भूगोलाच्या विद्यार्थ्याला हे एक दृश्य पाहण्यासाठीसुद्धा तेथे जावेसे वाटेल.

सीमेवरची चटई

झिंबाब्वेकडून येणारा प्रवासी सकाळी लवकर निघतो आणि तासाभरात सरहद्दीवर पोचतो. पासपोर्टवर शिक्का पडतो. त्यानंतर एक वेगळाच विधी असतो. प्रवाशाला जंतुनाशकाने भिजलेल्या चटईवर बुटांचे तळ पुसावे लागतात आणि मोटारीला औषधी पाण्याच्या चरातून जावे लागते. शहरातल्या माणसाला याचे नवल वाटेल, पण शेतकऱ्याच्या मुलीला कारण चटकन कळते. हा बंदोबस्त लाळ्या-खुरकूत रोगासाठी आहे.

बोटस्वानातून युरोपात गोमांसाची निर्यात होते, आणि लाळ्या-खुरकूत पसरली की ती बंद पडते. आफ्रिकेतील रानरेड्यांच्या अंगात या रोगाचे विषाणू राहतात, पण ते स्वतः फारसे आजारी दिसत नाहीत. म्हणून देशात जागोजागी गुरे आणि रानरेडे यांना वेगळे ठेवणारी लांबच लांब कुंपणे घातली आहेत. या कुंपणांमुळे रानातील जनावरांच्या जुन्या वाटा अडल्या. एकाच देशाला गुरेही हवीत आणि रानही हवे, आणि दोन्हींचा मेळ घालणे किती अवघड आहे, याची पहिली खूण या चटईवर मिळते.

होडीतून

कसानेच्या धक्क्यावरून सपाट तळाची, वर छत असलेली होडी सुटते. उद्यानाच्या कचेरीत नोंद झाली की पुढचे दोन-तीन तास ती काठाकाठाने, संथपणे जाते. होडीचा मोठा फायदा असा की बहुतेक प्राण्यांना पाण्याकडून येणाऱ्या माणसाची भीती कमी वाटते. काही ठिकाणी आता विजेवर चालणाऱ्या होड्या आल्या आहेत. त्यांचा आवाज जवळजवळ होत नाही.

पाण्यात पाणघोड्यांचे कळप असतात. नाव पाणघोडा असले तरी हा प्राणी खऱ्या अर्थाने पोहत नाही. तो नदीच्या तळावरून चालतो किंवा तळाला पाय देऊन उसळी मारतो, आणि दर चार-पाच मिनिटांनी श्वास घेण्यास वर येतो. त्याच्या कातडीतून तांबूस स्राव पाझरतो. पूर्वी लोक त्याला रक्ताचा घाम समजत. वस्तुतः त्या स्रावामुळे उन्हापासून कातडीचे रक्षण होते. दिवसभर पाण्यात असलेला पाणघोडा रात्री बाहेर येऊन गवत खातो. त्याची आणि पाण्याची वाट अडवणे प्राणघातक ठरते, म्हणून होडीवाला त्याच्यापासून अंतर राखतो. वाळूवर मगरी जबडा उघडून पडलेल्या असतात. अंगातील उष्णता कमी करण्याचा तो एक मार्ग आहे. वाळलेल्या झाडाच्या शेंड्यावर पांढऱ्या डोक्याचा मत्स्यगरुड बसलेला दिसतो. काठच्या गवताळ सखल भागात पुकू नावाचे सोनेरी हरीण चरते. संपूर्ण बोटस्वानात ते याच परिसरात आढळते.

या नदीतच सेदुदू नावाचे एक बेट आहे. क्षेत्रफळ अवघे साडेतीन चौरस किलोमीटर, आणि पुराच्या दिवसांत ते काही महिने पाण्याखालीच असते. परंतु या बेटासाठी दोन देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १८९० साली इंग्रज आणि जर्मन यांनी युरोपात बसून करार केला आणि चोबेचा 'मुख्य प्रवाह' ही सरहद्द ठरवली. बेटाच्या दोन्ही बाजूंनी नदी वाहते. मग मुख्य प्रवाह कोणता? न्यायालयाने खोली, रुंदी, पाण्याचा ओघ असे सर्व तपासून उत्तरेकडील प्रवाह मुख्य ठरवला आणि १३ डिसेंबर १९९९ रोजी बेट बोटस्वानाला दिले. मात्र दोन्ही देशांच्या होड्यांना दोन्ही प्रवाहांत मोकळीक असावी, असेही सांगितले. एका नदीच्या आडव्या छेदावरून देशाची सीमा ठरते हे वाचल्यावर आपण प्रात्यक्षिकाच्या वहीत काढतो त्या आकृत्यांकडे मी अधिक आदराने पाहू लागले.

हत्तींना मात्र हा निकाल लागू नाही. त्यांचे कळप सोंड पाण्यावर उंच धरून, पिलांना मध्ये घेऊन नदी पार करतात, पलीकडच्या नामिबियाच्या बाजूला चरतात आणि परत येतात.

जीपमधून

दुपारच्या जेवणानंतर उघड्या जीपची पाळी येते. मागची आसने पायऱ्यांसारखी चढती असतात, म्हणजे सर्वांना दिसावे. जमीन वाळूची असल्याने चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडीच चालते. नियम कडक आहेत. आखलेल्या वाटा सोडावयाच्या नाहीत, ठरवून दिलेल्या जागेखेरीज उतरावयाचे नाही, उभे राहावयाचे नाही, आणि दिवस मावळताना उद्यानाबाहेर पडावयाचे.

वाटाड्याचे कसब येथे दिसते. तो सतत वाळूवरील ठसे वाचीत असतो. ठशाची कड तीक्ष्ण असेल तर जनावर नुकतेच गेले, कड ढासळली असेल तर बराच वेळ झाला. इंपाला हरणांचा कळप एकाच दिशेला टक लावून उभा राहिला, तर त्या दिशेला सिंह किंवा बिबट्या असण्याचा संभव असतो. येथील एका निवासाच्या वाटाड्यांत सर्वच्या सर्व स्त्रिया आहेत, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा ऋतू. रानातील डबकी आटतात आणि जिराफ, रानरेडे, झेब्रे, हत्ती सर्व नदीकडे येतात. दुपार कलली की हत्तींच्या रांगा धुळीतून उताराला लागतात. आफ्रिकी हत्तीचे कान आपल्या हत्तीपेक्षा बरेच मोठे, पाठ मध्ये खोलगट, सोंडेच्या टोकाला एकाऐवजी दोन बोटे, आणि सुळे माद्यांनाही असतात. मोठा हत्ती दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा खातो. कळपाची पुढारी वयस्क मादी असते, आणि कोणत्या वर्षी पाणी कोठे मिळाले हे तिच्या स्मरणात असते.

वठलेली झाडे

काठावर शेकडो मोडलेली, साल सोललेली, वठलेली झाडे दिसतात. प्रवासी म्हणतो, हत्तींनी जंगलाचा नाश केला. यामागील इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. एकोणिसाव्या शतकात हस्तिदंताच्या व्यापारासाठी येथील हत्ती जवळजवळ संपवले गेले. नंतर १८९६ च्या सुमारास गुरांमधील बुळकांड्या रोगाची साथ दक्षिण आफ्रिकेत पसरली. तिने गुरांबरोबर रानरेडे आणि हरणेही मारली. रोपे खाणारे कोणी उरले नाही, तेव्हा काठावर बाभळीच्या जातीची मोठी झाडी माजली. अभ्यासकांचे मत असे की आज मोडताना दिसते ती त्या रिकाम्या काळात वाढलेली झाडी होय. हत्ती परतले, तसे रान पूर्वीच्या रूपाकडे जाऊ लागले.

माणसांचीही गोष्ट आहे. उद्यानातील सेरोन्डेला येथे १९३० नंतरच्या काळात लाकूड कापण्याचा उद्योग होता. त्याभोवती वस्ती होती. १९६० च्या दशकात राष्ट्रीय उद्यान झाले आणि वस्ती हळूहळू हलवण्यात आली. १९७५ पर्यंत उद्यानात एकही घर उरले नाही. ज्याला प्रवासी 'अस्पर्श निसर्ग' म्हणतो, त्या जागी एके काळी चुली पेटत होत्या.

मूळ प्रश्न

बोटस्वाना आणि भोवतालच्या चार देशांनी मिळून २०११ साली कझा नावाच्या विस्तीर्ण संरक्षित प्रदेशाचा करार केला. त्या प्रदेशात २०२२ साली हत्तींची गणना झाली. एकूण हत्ती सुमारे २,२८,००० भरले, त्यांपैकी सुमारे १,३२,००० एकट्या बोटस्वानात. म्हणजे दर अठरा माणसांमागे एक हत्ती!

प्रवाशाला हे वैभव वाटते, पण ज्याचे मक्याचे आणि ज्वारीचे शेत काठावर आहे त्याला काय वाटत असेल? माझे गाव दोडामार्ग तालुक्यात आहे. कर्नाटकातून २००२ च्या सुमारास सिंधुदुर्गात हत्ती आले. एका रात्रीत केळीची बाग आडवी होते आणि पंधरा वर्षे वाढवलेले माड उन्मळून पडतात, हे आमच्याकडे नवीन नाही. आमच्या घरी हत्तीला गणपतीच म्हणतात, आणि त्याच तोंडाने रात्रभर डबे वाजवतात. चोबेविषयी वाचलेले मी घरी सांगितले तेव्हा बाबांनी एकच विचारले, "ते बघूक येतत, त्येंचे पैसे शेतकऱ्याक गावतत काय?" पुढील अभ्यासाला दिशा त्या प्रश्नाने दिली.

उत्तर 'काही प्रमाणात' असे आहे. उद्यानाच्या पश्चिमेस चोबे एन्क्लेव्ह नावाच्या भागात पाच गावे आहेत. त्यांनी १९९० च्या दशकात एक सामाईक संस्था काढली. वन्यप्राण्यांपासून होणारे उत्पन्न गावाच्या कामाला यावे, हा तिचा उद्देश. या उत्पन्नाचा मोठा भाग परवाना घेऊन शिकार करणाऱ्या श्रीमंत परदेशी लोकांकडून येई. २०१४ साली सरकारने शिकार बंद केली. प्राणिमित्रांना आनंद झाला, पण अशा गावांचे उत्पन्न घटले आणि असंतोष वाढला. २०१९ साली बंदी उठवली गेली. २०२४ साली जर्मनीत शिकारीची स्मृतिचिन्हे आयात करण्यावर कडक निर्बंधांची चर्चा सुरू झाली, तेव्हा बोटस्वानाच्या तत्कालीन अध्यक्षांनी 'तुम्हांला वीस हजार हत्ती पाठवून देतो, त्यांच्यासह राहून पाहा' असे सुनावले. शिकार मला स्वतःला पटत नाही. परंतु दुरून प्रेम करणाऱ्याने जवळ राहणाऱ्याला उपदेश करण्यापूर्वी त्याचे नुकसान मोजावे, हे म्हणणे खोडून काढता येत नाही.

काही साधे उपायही तेथे चालू आहेत. मिरची आणि शेण यांच्या विटा शेताच्या बांधावर जाळतात. तिखट धुराने हत्ती मागे फिरतात. केनियात शेताभोवती मधमाश्यांच्या पेट्या टांगतात, कारण हत्ती मधमाश्यांना भितो. असे उपाय सर्वत्र सारखेच यशस्वी होतात असे नाही, पण मिरची, शेण आणि मध यांतील कोणतीही वस्तू आपल्याला परकी नाही.

समारोप

एका दिवसाच्या सफारीत प्रवासी दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठ्या उद्यानाचा फक्त नदीकाठचा पट्टा पाहतो. तेवढ्यातही नदीचा भूगोल, सरहद्दीचा इतिहास, रोगांचे अर्थकारण आणि शेतकऱ्याची चिंता हे सर्व विषय एकत्र येतात. आपण हे विषय वेगवेगळ्या तासांना शिकतो. नदीकाठी ते वेगळे करता येत नाहीत.

आफ्रिकेला जाणे आपल्यापैकी बहुतेकांना आज शक्य नाही. परंतु हत्तीचा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात आहे. आपल्या भूगोल मंडळाने येत्या दिवाळीच्या सुट्टीत हत्तीबाधित गावांपैकी दोन-तीन गावांची पाहणी करावी. किती झाडे गेली, भरपाई किती दिवसांनी मिळाली, कोणता उपाय चालला, याचे तक्ते करावेत. प्राध्यापकांचे मार्गदर्शन मिळाले तर हे काम कठीण नाही. नोंदी आणि नकाशा मी माझ्या गावापासून सुरू करण्यास तयार आहे. ज्या विद्यार्थिमित्रांना यात भाग घेण्याची इच्छा असेल त्यांनी भूगोल विभागात नावे द्यावीत, ही विनंती.