यादीत नाव नाही, की आत जाता येत नाही?

हे बघ, लिनक्सची लॅब आता तुझ्या ताब्यात. कोणीतरी येईलच सांगत, "सर, एक्सएफसीई टाकलं, पण लॉगिनला दिसत नाही." लगेच पेन ड्राइव्ह घेऊन फॉरमॅट मारायला धावू नकोस. आधी विचार: नाव यादीत दिसतच नाही, की दिसतं पण पासवर्ड दिल्यावर परत लॉगिनवरच येतं? दोन्ही दुखणी वेगळी.

लॉगिनचा पडदा ग्नोमच्या जीडीएमचा असेल, तर सेशन निवडायचं दातेरी चाक खाली उजव्या कोपऱ्यात असतं. पण आपल्या नावावर क्लिक करून पासवर्डची चौकट आल्याशिवाय ते उगवत नाही. बरेच जण इथेच अडतात आणि मशीनला नावं ठेवतात. सेशन एकच असेल तर चाक येतच नाही. ऑटोलॉगिन चालू असेल तर एकदा लॉगआउट करायला सांग.

चाक आहे, नाव नाही, तर यूएसआर-शेअरमधली दोन फोल्डरं उघड: एक्स-सेशन्स आणि वेलँड-सेशन्स. लॉगिनची यादी तिथल्या डॉट-डेस्कटॉप फाइलींवरून बनते. फाइलच नसेल तर पॅकेज अर्धवट बसलंय, पुन्हा टाक. फाइल असेल तर तिच्यातली 'ट्रायएक्झेक'ची ओळ वाच. तिथे लिहिलेला प्रोग्राम मशीनवर सापडला नाही, तर ते सेशन मुकाट गाळलं जातं. चूक झाली म्हणून कोणी सांगत नाही. आणि उबंटू २५.१० वर 'उबंटू ऑन झॉर्ग' शोधत बसू नकोस, ते काढूनच टाकलंय.

आता दुसरं दुखणं. पासवर्ड बरोबर, पडदा क्षणभर काळा, पुन्हा लॉगिन. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलवर जा आणि पहिली कमांड 'डीएफ -एच' मार. डिस्क शंभर टक्के भरली असेल तर ग्राफिकल सेशन उभंच राहत नाही, आणि पोरांचे सिनेमे कुठे साठतात ते तुला ठाऊक आहेच. जागा असेल, आणि लाइटडीएमवर एक्सचं सेशन असेल, तर होममधली डॉट-एक्स-ऑथॉरिटी फाइल कोणाच्या नावावर आहे ते पाहा. मालक 'रूट' दिसला की समज, बहुधा कोणीतरी सुडो लावून 'स्टार्टएक्स' चालवलंय. फाइलचं नाव बदल. पुढच्या लॉगिनला नवी तयार होते.

एवढ्यानेही नाही सुटलं, तर नवा यूजर बनवून त्याच सेशनमध्ये जाऊन बघ. तो आत गेला, तर घोळ जुन्या यूजरच्या होममधल्या सेटिंगमध्ये आहे. तोही नाही गेला, तर सिस्टिमकडे वळ: 'जर्नलसीटीएल -बी' काढ, ग्राफिक्स ड्रायव्हरच्या तक्रारी तिथे सापडतील.

डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे जीडीएम किंवा लाइटडीएम, रीस्टार्ट मात्र विचारून कर. त्या मशीनवर कोणाचं सेशन चालू असेल, तर न साठवलेल्या कामासकट सगळं बंद पडतं.