संगणकातील विषाणू : मुळासकट उच्चाटन

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही,
• काढून टाकलेला विषाणू पुन्हा का उद्भवतो, ते सांगू शकाल;
• घरचा संगणक विषाणुमुक्त करण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहू शकाल;
• पुन्हा लागण होऊ नये म्हणून घ्यायची दक्षता स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

शेतकऱ्याला हरळीचा स्वभाव ठाऊक असतो. वरवर खुरपले की रान स्वच्छ दिसते. पण जमिनीत एखादी मुळी उरली, तरी पहिल्या पावसात हरळी पुन्हा फुटते. संगणकातील चिवट विषाणूंचेही असेच असते.

समजा, नोकरीनिमित्त चंडीगडजवळच्या पंचकुल्यात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात एकच संगणक आहे. मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसलेल्या आईचे स्वाध्याय, मुलांची छायाचित्रे, बँकेचे व्यवहार असे सारे त्यावरच आहे. स्वाध्याय छापून घेण्यासाठी आई पेन ड्राइव्ह दुकानात नेते. घरी येऊन पाहते, तो त्यातील फोल्डर दिसेनासे झालेले आणि त्यांच्या जागी त्याच नावांची शॉर्टकटची चिन्हे! त्यांतील एका चिन्हावर क्लिक करताच विषाणू संगणकात शिरतो. अँटीव्हायरस तो पुसून टाकतो. पण दोन दिवसांनी विषाणू पुन्हा हजर होतो. असे का घडते?

विषाणू म्हणजे स्वतःच्या प्रती काढणारी घातक आज्ञावली. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीतून पसरत असे. साधन बदलले, रीत तीच राहिली. विषाणू एका जागी राहत नाही. संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञावलींच्या यादीत तो आपले नाव घालतो. ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांत लपतो. पेन ड्राइव्हमध्ये आणि घरातील दुसऱ्या संगणकातही आपली प्रत ठेवतो. यांपैकी एक प्रत उरली, तरी ती बाकीच्या पुन्हा निर्माण करते.

हे दुखणे ओळखून त्यावर उपाय शोधणारे दोन भाऊ आपल्या महाराष्ट्रातलेच. कैलास काटकर यांचे शालेय शिक्षण दहावीनंतर थांबले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते संगणकाच्या दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणारे अनेक संगणक विषाणूंनी ग्रासलेले असत. संगणकशास्त्र शिकलेले धाकटे बंधू संजय यांनी त्यावर आज्ञावली लिहिली आणि त्यातूनच ‘क्विक हील’ हा अँटीव्हायरस आकाराला आला. शिक्षणाची वाट मध्येच सुटली, तरी शिकणे थांबत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

आता उपायांचा क्रम पाहू.

१. अँटीव्हायरस अद्ययावत करून लगेच इंटरनेट तोडावे. एकाच वेळी दोन अँटीव्हायरस चालवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.
२. केवळ दस्तऐवज व छायाचित्रे यांची प्रत काढून ठेवावी. आज्ञावलींची प्रत घेऊ नये. विषाणू त्यांतूनच परततो.
३. विंडोजमधील ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. विंडोज चालू असताना विषाणूही जागा असतो आणि स्वतःला लपवू शकतो. या तपासणीत संगणक पुन्हा सुरू होतो व विंडोज उघडण्यापूर्वीच शोध घेतला जातो.
४. घरातील सर्व पेन ड्राइव्ह, मेमरी कार्डे आणि काढून ठेवलेली प्रत त्याच दिवशी, उघडण्यापूर्वी तपासावी. बहुधा हीच पायरी राहून जाते.
५. एवढे करूनही विषाणू परतला, तर संगणक फॉरमॅट करून अधिकृत विंडोज नव्याने बसवावे.
६. संगणक स्वच्छ झाल्याची खात्री पटल्यावरच सर्व पासवर्ड बदलावेत. आधी बदलल्यास नवे पासवर्डही चोरीला जाऊ शकतात.

उपचारापेक्षा प्रतिबंध बरा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यापासून बचाव करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. म्हणून विंडोज नेहमी अद्ययावत ठेवावे. चोरीचे सॉफ्टवेअर वापरू नये. रोजच्या कामासाठी प्रशासकाचे नव्हे, तर साधे खाते वापरावे. महत्त्वाच्या माहितीची एक प्रत संगणकापासून वेगळी काढून ठेवावी. भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने २०१७ पासून विषाणू काढण्याची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

पंचकुल्यातील त्या आईने संगणक पुसला. पेन ड्राइव्ह मात्र तसाच राहिला होता. हरळीची मुळी तेथे होती. विषाणू पुसणे हे अर्धे काम. तो आला कोठून, हे शोधून ती वाट बंद करणे हे उरलेले अर्धे.

स्वाध्याय

१. लेखकाने विषाणूला हरळीची उपमा का दिली आहे?
२. पासवर्ड सर्वांत शेवटी का बदलावेत?
३. ‘उपचारापेक्षा प्रतिबंध बरा’ हे विधान पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.